रंग मोटारीचाच हवा : एक प्रतिवाद

लहान प्रमाणातील मोटारींच्या प्रतिकृती बांधणाऱ्या मंडळींमध्ये एक मत दीर्घकाळ वहिवाटीसारखे रूढ झालेले आहे, आणि वहिवाटीने रूढ झालेल्या मताची रुजुवात सहसा कोणी मागत नाही, म्हणूनच ती आज मागणे मला आवश्यक वाटते. ते मत असे की, खऱ्या मोटारीच्या अंगावर चढवण्यासाठी सिद्ध केलेला रंग, विशेषतः हौसेने सजवलेल्या ‘कस्टम’ मोटारींवरचा कँडी, पर्ल किंवा मेटलफ्लेक जातीचा रंग, प्लॅस्टिकच्या प्रतिकृतीवर वापरणे अनुचित, अशास्त्रीय आणि घातक आहे. प्रतिकृतिकाराने छंदाच्या दुकानात मिळणाऱ्या छोट्या बाटलीतील रंगावर समाधान मानावे आणि मोटारीचा रंग मोटारीसाठी राहू द्यावा. या मताच्या पुरस्कर्त्यांत असे कारागीर आहेत की ज्यांच्या हातच्या कामाविषयी माझ्या मनात निरपवाद आदर आहे, आणि त्यांच्या हरकतींपैकी एक तर इतकी सबळ आहे की ती मी पुढे जशीच्या तशी मान्य करणार आहे. उरलेल्या हरकती मात्र थोडे अंकगणित आणि थोडे रसायनशास्त्र यांच्यापुढे उभ्या राहू शकत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्या वस्तूची प्रतिकृती करावयाची ती वस्तू मुळात काय आहे, हे आधी निश्चित केल्यावाचून वादाला आरंभच होऊ शकत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कॅलिफोर्नियात जुन्या फोर्ड, मर्क्युरी आणि शेव्हरले गाड्यांची छपरे कापून ती ठेंगणी करणारा, त्यांच्यावरील चकचकीत पट्ट्या आणि मुद्रा काढून टाकून पत्रा अखंड करणारा आणि मग त्या अखंड पत्र्यावर कारखान्याने कधी कल्पिला नसेल असा रंग चढवणारा जो कारागीरवर्ग उदयास आला, त्याच्या दृष्टीने रंग हा शेवटी चढवायचा अलंकार नव्हता. पत्र्याची सारी कापाकापी त्या रंगाला निर्वेध पसरता यावे यासाठीच झालेली असे. जो बेलॉन यांच्या नावाशी निगडित झालेला कँडी ॲपल रेड, जीन विनफिल्ड यांनी ‘जेड आयडॉल’ या मर्क्युरीवर एका छटेतून दुसऱ्या छटेत विरघळवत नेलेला रंग, लॅरी वॉटसन यांनी पत्र्याच्या प्रत्येक भागाला त्याच्याच कडेकडेने दिलेली रंगीत चौकट, जॉर्ज बॅरिस यांच्या ‘अला कार्ट’ या पिकअपवरचा मोतिया पांढरा आणि त्यावरचे जांभळे झोत, ही त्या त्या मोटारींची ओळखच होय. १९५८ आणि १९५९ अशी लागोपाठ दोन वर्षे ओकलंडच्या प्रदर्शनात सर्वांत सुंदर रोडस्टरचा बहुमान मिळवणाऱ्या ‘अला कार्ट’वरून तो रंग वगळला, तर मागे १९२९ च्या फोर्डच्या सांगाड्यावर बेतलेली एक चतुर गाडी उरेल, पण ‘अला कार्ट’ उरणार नाही.

आता हा कँडी रंग म्हणजे काय? तो एका बाटलीत भरून ठेवता येईल असा रंग नाहीच. ती एक रचना आहे. तळाशी चांदीचा किंवा सोनेरी धातुमय थर, त्यावर ज्यात अपारदर्शक रंगद्रव्याचा लवलेश नाही असा, केवळ पारदर्शक रंजकाने रंगवलेला थर, आणि सर्वांवर रंगहीन, काचेसारखा पारदर्शक लेप. प्रकाश वरून आत शिरतो, रंजकाच्या थरातून खाली जातो, धातूवर आपटून परत फिरतो आणि त्याच थरातून पुन्हा बाहेर येतो. म्हणजे तो दोनदा गाळला जातो. जिथे आपण पृष्ठभागाकडे सरळ पाहतो तिथे धातूचा परावर्तित प्रकाश पूर्ण मिळतो आणि रंग पेटल्यासारखा दिसतो. जिथे पत्रा वळतो तिथे धातूचा प्रकाश आपल्याकडे कमी येतो, रंजकातली वाटही थोडी लांबते, आणि तोच लाल जवळजवळ काळसर होतो. एकाच मडगार्डवर तेजापासून अंधारापर्यंतचा हा प्रवास म्हणजेच कँडी. अपारदर्शक रंगात, मग तो कितीही सुंदर असो, प्रकाश वरच्याच कणांवरून परततो आणि असा प्रवास घडत नाही. छंदाच्या बाटलीतला ‘धातुमय लाल’ एका हातात मारून कँडी साधला असे मानणारा प्रतिकृतिकार मूळ मोटारीविषयी चुकीचा दाखला देत असतो, इतके म्हणणे मला भाग आहे.

येथे प्रतिपक्षाची पहिली हरकत पुढे येते, आणि ती ऐकायला मोठी शास्त्रीय वाटते : मोटारीच्या रंगाचे द्रावक प्लॅस्टिकला खातात. हे खरे आहे. किटांचे भाग पॉलिस्टायरीनचे असतात, आणि मोटारीच्या लॅकरमध्ये व त्याच्या थिनरमध्ये टोल्युइन, ॲसिटोन आणि ॲसिटेट जातीचे जे द्रावक असतात ते पॉलिस्टायरीनला मऊ करतात, विरघळवतात आणि पृष्ठभागावर बारीक जाळी पाडतात. परंतु याच मंडळींच्या टेबलावर उघडी ठेवलेली चिकटद्रवाची बाटली कशाची असते? पॉलिस्टायरीन जोडण्याचा पातळ द्रव हा ॲसिटोन, ब्यूटिल ॲसिटेट किंवा तत्सम द्रावकांचाच असतो, आणि तो जोडतो तोच मुळी प्लॅस्टिक विरघळवून. जो द्रावक सांध्यावर ब्रशने वाहू द्यायला ते जराही कचरत नाहीत, तो अस्तरात सूक्ष्म प्रमाणात आला की एकाएकी विष कसा ठरतो? द्रावकाचा अपराध त्याच्या अस्तित्वात नाही. किती द्रावक किती वेळ पृष्ठभागावर ओला राहिला, यावर सर्व काही अवलंबून आहे. शिवाय ज्या जपानी कंपन्यांचे रंग हे सद्गृहस्थ निर्धास्तपणे वापरतात, त्यांचे फवारणीचे डबे आणि अस्तरेसुद्धा लॅकर जातीचीच आहेत. त्या अस्तराने प्लॅस्टिकला जी किंचित पकड घेतलेली असते, तिच्यामुळेच पुढचे सारे थर नखाने खरवडून निघत नाहीत.

त्यामुळे प्रश्न बंदीचा नसून रीतीचा आहे, आणि ती रीत मोटारीच्या रंगाऱ्याला कधीपासून ठाऊक आहे. प्लॅस्टिक साबणाच्या पाण्याने धुऊन त्यावरचा तेलकट अंश काढावा. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून फिरवावा. मग अस्तराचा पहिला हात ओला न मारता धुक्यासारखा मारावा, म्हणजे द्रावकाचा बराचसा भाग हवेतच उडून जातो आणि प्लॅस्टिकवर कोरडेसे कण बसतात. तो सुकू द्यावा, दुसरा तसाच मारावा, आणि अखंड पडदा तयार झाल्यावरच ओल्या हाताचा विचार करावा. लांबी भरलेल्या जागी विशेष सावधगिरी लागते, कारण लांबी आणि प्लॅस्टिक द्रावक वेगवेगळ्या गतीने शोषतात आणि घाई केली तर महिन्याभराने त्या जागेची कड चकचकीत लेपाखालून भुतासारखी वर येते. लाल प्लॅस्टिकात ओतलेल्या जुन्या किटांचा रंजक वरच्या पांढऱ्या रंगात झिरपतो, तिथेही मध्ये अडसर घालणारा थर आधी द्यावा लागतो. ही सारी कामे चिकाटीची आहेत, हे मी नाकारीत नाही. परंतु चिकाटी लागते म्हणून एखादे साधन निषिद्ध ठरवायचे, तर मग फोटो-एच्ड पितळी भागही निषिद्ध ठरवावे लागतील आणि काडीएवढ्या इंजिनाला जोडलेल्या केसासारख्या तारासुद्धा.

दुसरी हरकत प्रमाणाची, आणि प्रतिपक्षाचा सर्वांत मोठा विश्वास तिच्यावरच आहे. प्रतिकृती पंचवीस पटींनी लहान केली, रंग मात्र पूर्ण आकाराचा राहिला, ही विसंगती होय, असे ते म्हणतात. या वाक्यात तीन भिन्न गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या आहेत. त्या सुट्या केल्याशिवाय निवाडा होणे शक्य नाही.

पैकी पहिली जाडी. कारखान्यातून निघणाऱ्या मोटारीवर सर्व थर मिळून साधारणतः १०० ते १२० मायक्रॉन रंग असतो. कस्टम मोटारीवर, हातांवर हात चढवले जात असल्याने, याहून जास्त. १:२५ प्रमाणात १०० मायक्रॉनचे ४ मायक्रॉन होतात. ४ मायक्रॉनमध्ये प्लॅस्टिक झाकेल असा रंग आजवर कोणत्याही बाटलीत निघालेला नाही, छंदाच्याही नाही. तेव्हा जाडीच्या कसोटीवर दोन्ही पक्षांचे रंग सारखेच अपराधी ठरतात, आणि उलट तपासणी केली तर मोटारीचे लॅकरच सरस ठरते, कारण ते केवळ द्रावक उडून सुकते, त्यात घन अंश कमी असतो, आणि सुकताना ते आकसून पृष्ठभागावरील कोरीव काम स्पष्ट ठेवते. ब्रशाने लावलेल्या जाड इनॅमलखाली दाराच्या मुठी जशा बुजतात तशा येथे बुजत नाहीत. खऱ्या दाराची ४ मिलिमीटरची फट प्रतिकृतीत १६० मायक्रॉनची होते. तिच्या दोन्ही काठांवर ४०-४० मायक्रॉन रंग चढला तरी निम्मी फट उघडी राहते, आणि जो सावध असेल तो अस्तराआधीच ती रेष टोकदार हत्याराने थोडी खोल करून घेतो.

दुसरी गोष्ट धातूच्या कणांची. येथे प्रमाण खरोखर लागू पडते, आणि म्हणूनच येथे प्रतिपक्षाचा हिशेब त्यांच्याच विरुद्ध साक्ष देतो. साठच्या दशकातल्या मोटारींवरच्या भडक मेटलफ्लेकचा कण २०० ते ४०० मायक्रॉनचा धरला, तर १:२५ प्रमाणात तो ८ ते १६ मायक्रॉनचा व्हायला हवा. आता मोटारीच्या सामान्य धातुमय रंगातले ॲल्युमिनियमचे चपटे कण किती मोठे असतात? साधारणतः १० ते ३० मायक्रॉन. म्हणजे ज्या दुकानातून आपण शेजाऱ्याच्या गाडीला ठिगळ मारण्यासाठी बारीक कणाची चांदी घेतो, तीच चांदी प्रतिकृतीवर मूळ मेटलफ्लेकचे जवळजवळ बिनचूक प्रमाण साधते. योगायोगाने का होईना, मोटारीच्या रंगधंद्याने प्रतिकृतिकारासाठी हे काम आधीच करून ठेवले आहे. खरा मेटलफ्लेक तसाच्या तसा प्रतिकृतीवर शिंपडणे हा मात्र दोष होय. त्याचा कण मूळ मोटारीच्या मापात ५ ते १० मिलिमीटरचा भासेल, आणि तसे करणाऱ्याची बाजू मी मुळीच घेणार नाही. कँडीखाली तर याहूनही सूक्ष्म कणाची चांदी निवडली पाहिजे. पण ही निवड रंगाच्या डब्यावर काय लिहिले आहे त्यावरून करायची नसते. कणाच्या आकारावरून करायची असते. छंदाच्या बाटलीतली चांदीही ॲल्युमिनियमचीच भुकटी असते, आणि बाटली लहान म्हणून तिचा कण पंचवीस पटींनी लहान झालेला नसतो.

तिसरी गोष्ट रंग आणि चकाकी यांची, आणि येथे प्रमाणाचा संबंधच सुटतो. प्रकाशाची लहर ०.४ ते ०.७ मायक्रॉनची, प्रतिकृती लहान केली म्हणून ती लहान होत नाही. पारदर्शक थर किती प्रकाश शोषतो हे त्याची जाडी आणि त्यातील रंजकाचे प्रमाण यांच्या गुणाकारावर ठरते, म्हणून खऱ्या मोटारीवर दहा-बारा हातांनी जी गहिराई येते तीच प्रतिकृतीवर रंजक थोडा दाट करून तीन-चार पातळ हातांत येते. पृष्ठभागाच्या आकाराशी तिचा काही संबंध नाही. आरसा लहान केला म्हणून तो अंधुक करावा लागत नाही. लहान व्हायला हवी ती रंगाची संत्र्याच्या सालीसारखी खडबड, कारण तिची लाट मिलिमीटरांत मोजली जाते. आणि ती ३२०० पासून १२००० पर्यंतच्या पॉलिशच्या कापडांनी पाण्याखाली घासून नाहीशी करता येते, जे मऊ इनॅमलवर अवघड आणि कठीण लॅकरवर सुकर असते.

याच ओघात विमाने आणि रणगाडे यांच्या प्रतिकृतिकारांकडून उसनी आणलेली एक तजवीज मोटारींवर लादली जाते : प्रतिकृतीचा रंग थोडा पांढरा मिसळून फिका करावा, कारण लांबून पाहिलेली वस्तू हवेच्या पडद्यामुळे फिकी दिसते. आकाशातल्या विमानापुरते यात तथ्य असेल. परंतु १:२५ ची मोटार आपण ४० सेंटिमीटरवरून पाहतो, म्हणजे मूळ मोटार १० मीटरवरून पाहिल्यासारखे होते. आणि प्रदर्शनाच्या दालनात १० मीटरवर उभी असलेली मोटार हवेने किती फिकी होते, हे कोणीही जाऊन पाहावे. तिथे तर दिव्यांच्या नळ्या तिच्या छतावर रेखीव उमटलेल्या असतात. कँडीत पांढरा मिसळला की त्याची पारदर्शकताच जाते, आणि उरतो तो गुलाबी.

इतिहासाचे दप्तर उघडले तर हा निषेध किती अर्वाचीन आहे, तेही दिसून येते. जनरल मोटर्सच्या आश्रयाने चाललेल्या ‘फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड’च्या स्पर्धांत १९३० पासून १९६८ पर्यंत अमेरिकेतील शाळकरी मुलांनी प्रथम राजेशाही घोडागाडीच्या आणि पुढे स्वतः कल्पिलेल्या मोटारींच्या प्रतिकृती घडवल्या, मोटारींचे ते नमुने लाकूड आणि प्लास्टर यांतून कोरून लॅकरने झळाळवले जात, आणि त्यांच्या परीक्षकांत मोटारीच्या धंद्यातले लोक असत. एकेकाळी मिशिगनमधील ट्रॉय येथे असलेली एएमटी ही कंपनी, जिने १९५८ पासून एकाच किटात मूळ, कस्टम आणि शर्यतीची अशा तीन रूपांची सोय करून या छंदाला आजचे वळण दिले, तिची सुरुवातीची ॲल्युमिनियमची ओतीव फोर्ड गाडी फोर्डच्या अधिकृत रंगातच रंगवलेली होती. त्याच कंपनीने पुढे जीन विनफिल्ड यांना आपल्या पदरी ठेवले. ज्या छंदाच्या संस्थापकांनी मोटारीच्या रंगाऱ्याला आदराने घरात घेतले, त्या छंदात आज त्या रंगाऱ्याच्या डब्याला दाराबाहेर ठेवण्याचा हुकूम कोणत्या अधिकाराने काढला जातो?

आपल्याकडील परिस्थिती पाहिली तर हा निषेध आणखीच अव्यवहार्य ठरतो. परदेशी छंदाच्या बाटल्या येथे दुर्मिळ आणि महाग. ज्वलनशील फवारणीचे डबे विमानाने येणे दुष्कर. उलट पुण्या-मुंबईत, आणि बऱ्याचशा जिल्ह्यांच्या ठिकाणीही, गाड्यांचे रंग सांकेतिक क्रमांकावरून तराजूवर मोजून मिसळून देणारी दुकाने आहेत, आणि ज्या महाराष्ट्रात लाकडी कपाटाच्या गुळगुळीत रंगालाही सुतार सर्रास ड्युको हे मोटारीच्या लॅकरचेच नाव देतो, तिथे लॅकरची परंपरा परकी आहे असे कोणी म्हणू नये. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या प्रीमियर पद्मिनीची प्रतिकृती कोणी करू इच्छील, तर तिचा रंग त्याला छंदाच्या दुकानातल्या फडताळावर शोधून सापडणार नाही. गाड्यांच्या रंगवाल्याकडेच जावे लागेल.

आता ती हरकत, जी मी मान्य करतो. मोटारींवर आज वापरला जाणारा दोन घटकांचा चकचकीत लेप, ज्यात कठीण करणारा दुसरा घटक आयसोसायनेट जातीचा असतो, तो घराच्या खोलीत फवारणे अक्षम्य आहे. आयसोसायनेटच्या संपर्काने श्वसनसंस्था संवेदनशील होऊन कायमचा दमा जडू शकतो, आणि एकदा ती संवेदनशीलता आली की नंतर अल्पशा मात्रेनेही झटका येतो. त्याचा वास घातक मात्रेच्या आधी धोक्याची सूचना देत नाही, म्हणून कोळशाच्या पुडीचा मुखवटा कधी निकामी झाला हे घालणाऱ्याला कळत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा आणि बंदिस्त फवारणी-कक्ष ज्याच्यापाशी नाही, त्याने या लेपाला हात लावू नये. घरात मुले किंवा वृद्ध असतील तर तो विचारही मनात आणू नये. यात मी तसूभर सूट देणार नाही. पण या हरकतीतून मोटारीच्या सर्व रंगांवर बंदी निष्पन्न होत नाही. एका घटकाचे ॲक्रिलिक लॅकर, पारदर्शक रंजक मिसळलेला लेप आणि चांदीचा तळ यांत आयसोसायनेट नसतो. सेंद्रिय बाष्पाचा मुखवटा, बाहेर हवा फेकणारा आणि ठिणगी न पाडणारा पंखा, आणि जवळपास ज्योत नसणे, इतक्या अटी पाळल्या की त्यांचा धोका छंदाच्या लॅकरइतकाच राहतो. तो धोकाही लहान नाही, आणि जे लोक छंदाचा डबा हातात घेऊन खिडकी बंद खोलीत उघड्या नाकाने फवारतात, त्यांनी आरोग्याच्या नावाने मोटारीच्या रंगावर फिर्याद करण्याआधी स्वतःच्या खोलीची तपासणी करावी, हे मी गांभीर्याने सुचवतो.

शेवटी एक हरकत उरते, जी क्वचितच उघडपणे बोलली जाते : ही रंगाऱ्याची कारागिरी आहे, प्रतिकृतिकाराची नव्हे. जो मनुष्य इंजिनाचे नळ कोरतो, गालिच्याचा पोत साधतो, चाकांच्या आऱ्या मोजतो, तो मोटारीच्या सर्वांत मोठ्या दृश्य पृष्ठभागापाशी आला की कारागिरी दुसऱ्या कोणाची म्हणून थांबतो, हे मला कधीच समजू शकलेले नाही. वाद शब्दांनी मिटत नसेल तर तो असा मिटवता येईल. पॉलिस्टायरीनचे दोन पांढरे चमचे घ्यावेत, कारण त्यांची पाठ मडगार्डसारखी वळलेली असते. दोहोंवर एकच अस्तर चढवावे. एकावर छंदाच्या बाटलीतला उत्तमोत्तम धातुमय लाल. दुसऱ्यावर सूक्ष्म कणाची सोनेरी, तिच्यावर पारदर्शक लालाचे पातळ हात आणि वर रंगहीन लॅकर. सुकल्यावर दोन्ही सारख्याच निष्ठेने घासून पॉलिश करावेत आणि एकाच दिव्याखाली हळूहळू फिरवावेत. त्यातला कोणता चमचा बेलॉन यांच्या मोटारीचे नाव घेण्यास पात्र आहे, याचा निवाडा प्रतिपक्षातल्या सर्वांत कडव्या कारागिराने करावा, आणि तो मी बंधनकारक मानीन.